फी माफ, पण सकाळची गाडी नाही

जून 2023 मध्ये दहावीचा निकाल लागला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या शाळेत जी मुलगी पहिली आली, तिला 86 टक्के होते आणि सगळ्यात जास्त गुण गणित-विज्ञानात. जुलैत तिने अकरावीला प्रवेश घेतला तो कला शाखेत. पुढची दोन वर्षं ती कॉलेजात दिसली असेल ती फॉर्म भरायला, नाहीतर परीक्षेला.

घरात तिला कुणी 'आता शिक्षण पुरे' असं म्हटलेलं नाही. बाप दारू पीत नाही, आई मारत नाही, सोळाव्या वर्षी लग्न लावायची भाषा कुणी केली नाही. मुलींची शाळा सुटल्याच्या ज्या कहाण्या आपल्याला माहीत असतात, त्यात एक कुणीतरी वाईट माणूस असतो. इथे तसा माणूस नाही, आणि हे प्रकरण तपशिलात लिहायचं कारणही तेच. या घरी आणि शाळेत माझं बरंच जाणंयेणं झालं, त्यातून हे मांडलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. मुलीला थोरली म्हणू, तिच्या भावाला धाकटा.

घर, गाव, अंतरं

तीन एकर कोरडवाहू वावर. दोन एकरांत कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी, उरलेल्यात सोयाबीन. आपलं आटोपलं की आईबाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात रोजीने जातात. घरात आजी आहे. धाकटा थोरलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. समाज ओबीसीत मोडणारा, गावात संख्येने बऱ्यापैकी. म्हणजे जातीमुळे कुणी दारात उभं करत नाही असं हे घर नाही. दारिद्र्य मात्र आहे.

गावात जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंत. तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात संस्थेची शाळा, तिलाच जोडून अकरावी-बारावी, पण फक्त कला. त्याच मोठ्या गावात एक कॉन्व्हेंट, म्हणजे खासगी इंग्रजी शाळा. विज्ञान शाखा तालुक्याला, 19 किलोमीटरवर. गावापासून डांबरी रस्त्याचा फाटा दीड किलोमीटर.

दहावीच्या वर्षी घरात काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला 10 हजारांचा आकडा ओलांडला होता. तोच भाव पुन्हा येईल म्हणून 2022-23 चा कापूस विदर्भात कितीतरी घरांनी विकलाच नाही. या घरातही दहा-अकरा क्विंटल कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला होता. राहायला मागची खोली आणि ओसरी. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, बारीक किडे चावतात. थोरली वडिलांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून त्या ढिगाला पाठ लावून वाचायची, कारण घरातला चांगला उजेडाचा बल्ब त्याच खोलीत होता. भाव काही चढला नाही, उतरतच गेला. शेवटी पेरणी तोंडावर आल्यावर खेडा खरेदीवाल्याला घालावा लागला, सात हजारांच्या आत. आलेल्या पैशातले काही बँकेत पीककर्जाचं नवं-जुनं करायला (जुनं फेडून नवं उचलायला) गेले, काही कृषी केंद्राच्या मागच्या उधारीत.

निकाल आणि ही विक्री एकाच आठवड्यातली.

धाकट्याची नववी

थोरलीच्या अकरावीचा निर्णय खरं तर आठ वर्षं आधी झालेला होता, हे मला उशिरा कळलं. घरच्यांनाही तो तसा जोडून कधी दिसला नव्हता.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात (लागू 1 एप्रिल 2010 पासून) खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. 2015 मध्ये धाकट्याचा अर्ज भरला गेला. उत्पन्नाचा दाखला 1 लाखाच्या आतला होता, सोडतीत नाव निघालं आणि तो मोठ्या गावच्या कॉन्व्हेंटमध्ये गेला. थोरलीच्या वेळी अर्ज का नाही भरला, हे मी दोघांना वेगवेगळं विचारलं. वडील म्हणाले, "तवा माहीत नोतं सर, असं काही राह्यते म्हून." आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "माहीत व्हतं जी. अंगणवाडीच्या बाईनं सांगतलं व्हतं. पोरगी हाय, गावातच जाते तं जाऊ दे म्हनलं."

कायदा 6 ते 14 वयापुरता आहे. आठवी संपली की शाळेत बसायचा हक्क उरत नाही असं नाही, पण फी सुरू होते. धाकट्याची आठवी संपली एप्रिल 2023 मध्ये. शाळेने नववीची फी सांगितली 24 हजार, वह्यापुस्तकं वेगळी. त्याला संस्थेच्या शाळेत घालता आलं असतं, तिथे फी नाही. पण आठ वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या पोराला दहावीच्या तोंडावर मराठीत बसवायचं कुणाच्या मनाला येईना. वडिलांचा हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. एकदा त्या माध्यमात घातलं की मध्येच काढणं म्हणजे आधीची आठही वर्षं पाण्यात.

गरिबाच्या मुलाला चांगल्या शाळेत बसवणारी ही तरतूद वर्गभेद कमी करण्यासाठी आहे आणि ती तेवढं करतेही. पण घरात अर्ज कुणाचा भरायचा हे घर ठरवतं. धाकट्याला आठ वर्षं जे फुकट मिळालं, त्याचं बिल नवव्या वर्षी आलं, आणि ते आलं नेमकं थोरली दहावी झाली त्या जूनमध्ये.

तिच्या विज्ञानाचा हिशेब

थोरलीच्या बाजूने पाहिलं तर सरकारी योजना कमी नाहीत. महाराष्ट्रात बारावीपर्यंत मुलींना शिक्षण शुल्क नाही. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आठवी ते बारावीच्या मुलींसाठी धावतात, आणि शाळा जवळ असेल तर त्याच कार्यक्रमातून सायकल. थोरलीला आठवीत सायकल मिळाली होती, त्यावरच तिने दहावीपर्यंत मोठं गाव गाठलं.

अडलं ते वेळेवर. तालुक्याच्या कॉलेजचे विज्ञानाचे वर्ग सकाळी 7.20 ला भरतात, प्रात्यक्षिकं दुपारी. निळी बस शाळेच्या वेळेची; ती तालुक्याला सव्वादहाला पोचते, तोवर चार तासिका होऊन गेलेल्या. पूर्वी गावाशेजारी एक मुक्कामी गाडी असायची. रात्री येऊन थांबायची आणि पहाटे सहाला सुटायची. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्यात ती गाडी बंद पडली ती पडलीच. संप मिटला, कर्मचारी कामावर आले, ही फेरी परत लागली नाही.

मग उरतो तो फाट्यावरून जाणारा ऑटो किंवा काळीपिवळी. पास तिथे चालत नाही. महिन्याचे दीड हजार. शिवाय विज्ञान घेतलं की ट्यूशन घ्यावीच लागते असं सगळेच धरून चालतात, तालुक्यातले प्राध्यापकही. तीन विषय, वर्षाचे 18 हजार, तेही घासाघीस करून. तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी तिच्या घरी बसून कागदावर बेरीज केली: वर्षाला 35 हजारांच्या आसपास. त्यात फीच्या रकान्यात शून्य होतं.

वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "फी माफ हाय म्हंता सर, पन फी कोन मांगून राह्यलं? हिवायात सकायी सहाले अंधार राह्यते. दीड किलोमीटर पोरीले फाट्यावर सोडाले कोन जाईन? मी गेलो तं माही रोजी बुडते."

मला या बोलण्यात 'पोरगी म्हणून' आणि 'गरीब म्हणून' असे दोन वेगळे धागे काढता येत नाहीत. पोरगा असता तर पहाटे एकटा फाट्यावर गेला असता, कुणाच्याही गाडीमागे बसला असता. सोडायला माणूस लागलाच नसता. आणि घरी मोटारसायकल असती तर पोरगीही गेली असती, दहा मिनिटांत सोडून बाप वावरात. अंधाराची भीती सगळ्यांच्याच मुलींना सारखी. त्या भीतीवर खर्च करायची ऐपत मात्र सारखी नाही.

सरांनी वसतिगृहाचं काढलं. तालुक्याला मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह आहे, पण त्यात ओबीसींच्या वाट्याला जागा जवळपास नाहीत. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी 72 वसतिगृहं सरकारने जाहीर केली होती. 2023 च्या जूनमध्ये ती कागदावर होती. याच वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातलं पोर शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय लावावी लागते, हे या भागाला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

शिष्यवृत्तीचा रस्ताही अडलेला. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, या भागातल्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा. साधारणपणे आजोबांचा शाळेचा दाखला लावतात. थोरलीचे आजोबा शाळेत गेले नव्हते. वावर तरी कुठे जुनं? वडिलांनी 1990 नंतर विकत घेतलेलं. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी कुणी शिकलेलं किंवा जमीनवालं होतं, त्यांचे कागद आपोआप तयार असतात.

आजीचा हिशेब आणखी वेगळा होता, आणि तिने तो न लाजता मांडला. "पोरगी जेवढी शिकन तेवढा शिकलेला पोरगा पाहा लागते. शिकलेल्याले पैसा जास्त लागते." हुंडा कायद्याने बंद आहे हे तिला माहीत आहे. तो दिला जातो हेही माहीत आहे.

निर्णय असा झाला: मोठ्या गावात कला घ्यायची, तिथे रोज जायची सक्ती नसते. आठवीत मिळालेली थोरलीची सायकल जुलैपासून धाकटा वापरू लागला. त्याच्या ऑटोचे पैसे वाचले.

त्याच बाकावरची

शाळेत थोरलीच्या शेजारी बसणारी मुलगी त्याच जातीची, त्याच गावची. तिला 71 टक्के. घरी ओलिताची शेती, दोन विहिरी, मोठ्या गावात वडिलांचं कृषी केंद्र (थोरलीच्या घरची उधारी असते ते हेच). तिला अकरावीला अकोल्याला ठेवलं. पश्चिम विदर्भात 'नीट'च्या शिकवण्यांसाठी मुलं अकोल्यालाच जातात. कॉलेजात फक्त नाव, सगळा दिवस क्लासमध्ये. क्लास, होस्टेल, मेस मिळून वर्षाला दीड लाखाच्या वर. थोरलीच्या तीन वर्षांच्या खर्चात तिथलं एक वर्षही भागलं नसतं.

पण या घरातही दोन मापं आहेत. हिच्या मोठ्या भावाने बारावीनंतर दोनदा 'रिपीट' केलं, आता तो पुण्याला इंजिनिअरिंग करतो. हिला 2025 मध्ये पहिल्या प्रयत्नात पुरेसे गुण पडले नाहीत, तर दुसऱ्या प्रयत्नाचा विषयच निघाला नाही. बी.एस्सी.ला यवतमाळला नाव घातलं. "पुन्याले नाही पाठवत आमी पोरीले," एवढंच तिचे वडील म्हणाले. पैशाने तिचा रस्ता पुष्कळ लांब केला. तो कुठे थांबवायचा हे पैशाने ठरलं नाही.

आणि एक मुलगा, त्याच वर्गातला. भूमिहीन घरचा. तो नववीतच गेला, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मळणीयंत्रावर पहिली रोजी कमावली आणि परत आला नाही. आता पुण्याकडे एका हॉटेलात आहे. मुलींचा पास मोफत. मुलाला सवलत मिळूनही तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. सायकल त्याला नाही. त्याच्या जाण्याची गावात चर्चासुद्धा झाली नाही, 'कामाला लागला' म्हणून त्याच्या आईला लोकांनी बरं झालं असंच म्हटलं. मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलताना हा पोरगा आपल्या हिशेबातून सुटतो. थोरलीपेक्षा दोन वर्षं आधी शाळा त्याची सुटली.

पटावर

सरकारी आकड्यांत या मुलाची नोंद गळती म्हणून होते. 2021-22 च्या यू-डायस अहवालात (शाळांच्या सरकारी माहितीच्या) देशात माध्यमिक स्तरावर मुलांची गळती 13.0 टक्के आणि मुलींची 12.3 अशी आहे, म्हणजे मुली किंचित पुढेच. हे आकडे खोटे नाहीत. पण थोरली त्यात गळतीच्या बाजूला येतच नाही. ती अकरावीत पटावर होती, बारावीत पटावर होती, पास झाली. कागदोपत्री तिचा प्रवास अखंड आहे.

त्या दोन वर्षांत ती काय करत होती ते तिच्याच वहीत आहे. रोजीचा हिशेब ती लिहून ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. दिवाळीपासून कापूस वेचणी, किलोमागे 8 ते 10 रुपये. चांगल्या दिवशी ती 40 किलोपर्यंत जायची. पहिल्या वेचणीला बोंडं मोठी असतात म्हणून वजन भरतं, शेवटच्या फरदडीला दिवसभर वाकून वीस किलो होत नाही. फेब्रुवारीत परीक्षा. वहीच्या मागच्या पानांवर अर्थशास्त्राच्या नोट्स आहेत. वेचणीच्या पैशांतून धाकट्याच्या दहावीच्या फीचे दोन हप्ते गेले, हे तिने मला सहज सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे.

जुलै 2024 मध्ये आईला लाडक्या बहिणीचे महिना 1500 मंजूर झाले. ते बचत गटाच्या हप्त्याला लागतात. त्याच महिन्यात सरकारने निर्णय काढला: वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. मोबाइलवर सगळीकडे फिरलं, 'मुलींना इंजिनिअरिंग फुकट'. थोरलीने मला तो मेसेज दाखवला. "सर, हे मले लागू नाही ना? माहं आर्ट्स हाय."

लागू नव्हतं. बारावीनंतरचं लाखांचं शुल्क माफ झालं, पण इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत जायला अकरावीत विज्ञान लागतं, आणि विज्ञानाला सकाळची गाडी. योजना करणाऱ्यांनी फी हा अडथळा धरला, कारण तो मोजता येतो आणि जाहीर करता येतो. यावर माझं मत स्पष्ट आहे: तालुक्याला जाणारी सकाळी सहाची एक फेरी या पट्ट्यातल्या मुलींच्या जितकी कामी आली असती, तितकी ही माफी येणार नाही, निदान आणखी काही वर्षं तरी.

फेरीसाठी ग्रामसभेने ठराव केला होता. डेपोचं उत्तर आलं की भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, मिळत नाही. मुलींची संख्या कमी म्हणून भारमान नाही, गाडी नाही म्हणून मुली विज्ञान घेत नाहीत. हे डेपोच्या साहेबांना तोंडी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. मोठ्या गावातच विज्ञानाची तुकडी काढा असंही लोकांनी संस्थेला म्हटलं. स्वयंअर्थसहाय्यित तुकडी निघू शकते, पण मग पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून काढायचे. पुन्हा तिथेच.

सध्या

2025 मध्ये थोरली बारावी झाली, 78 टक्के. बी.ए.ला नाव घातलं आहे, पूर्वीसारखंच. स्थळं येऊ लागली आहेत. आई म्हणते वीसच्या आत नाही, आणि यात ती ठाम आहे. ती स्वतः सातवीत असताना तिचं ठरलं होतं.

धाकटा दहावी पास झाला आणि पॉलिटेक्निकला लागला. त्याच्या प्रवेशाला जातीचा दाखला हवाच होता, म्हणून यंदा वडिलांनी कामं सोडून तहसीलच्या चकरा मारल्या. अभिलेख कक्षातल्या जुन्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) पणजोबांच्या घरातल्या एका जन्माची नोंद सापडली, जातीसकट. तिची नक्कल लावून धाकट्याचा दाखला निघाला. मग त्याच पुराव्यावर थोरलीचाही काढून घेतला, तेवढा एक अर्ज जास्त. 2023 मध्ये ही नोंद तिथेच होती.

हा दाखला तिला आता उपयोगी पडेल असं दिसतं. जीएनएम नर्सिंगला (परिचारिकेच्या पदविकेला) कला शाखेची बारावीही चालते, इंग्रजी विषय हवा. तो तिला होता. विज्ञानाच्या सरांनीच माहितीपत्रक आणून दिलं. शासकीय जागा थोड्या, खासगीची फी घराच्या आवाक्याबाहेर, आणि वेचणीचा हंगाम पुढ्यात. तिने फॉर्म भरला आहे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "गव्हर्नमेंटले नंबर लागला तं पाठवू. होस्टेल हाय म्हंते ना तिथं?"